भेटायचं तर खिडकीतून

आमच्या नवागामात माणूस आजारी पडला की घरच्यांना दोन दुखणी सोसावी लागतात. एक आजाऱ्याचं, दुसरं त्याला भेटायला येणाऱ्यांचं. पहिल्यावर गोळ्या तरी मिळतात. दुसऱ्यावर नुसता चहा टाकत बसावं लागतं.

मी सुंदरा, भाईदास नानांची बायको. नवऱ्याला नाना म्हणते म्हणून हसू नका. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, आणि आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. आत्ता घेतलं ते तुम्हाला कळावं म्हणून. शिंदखेड्याकडून आम्ही सुरतेला, ह्या नवागामात आलो तेव्हा आमचा गजेंद्र कडेवर होता. नानांनी उधन्याला सांचे चालवले. इथे लूमला सांचा म्हणतात आणि सांचे जिथे चालतात त्या शेडला खातं. खात्यात असा खडखडाट असतो की शेजारी उभा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. जन्मभर तो खडखडाट ऐकून नानांचे कान अर्धेअधिक गेले. बायकोने बाजाराची पिशवी पुढे केली की राहिलेले अर्धेही जातात, पण तो वेगळा आजार.

खात्यातली माणसं आपसात बोलतात ती ओठांनी आणि हातांनी. आवाज काढतच नाहीत, काढून उपयोग काय? नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ शालिग्राम एकाच खात्यात होते. संध्याकाळी घरी येऊनही दोघं ओट्यावर बसून हातच नाचवायचे. मध्येच खो खो हसायचे. मी विचारलं, "काय झालं हो?" की नाना म्हणायचे, "काही नाही." माझं डोकं असं फिरायचं! शेवटी मी सांगून टाकलं, माझ्या घरात तोंडाने बोलायचं, ही मुक्याची जत्रा ओट्याखाली. तेव्हापासून आमच्याकडे नानांशी बोलायची एकच रीत राहिली. कानाला तोंड लावायचं आणि ओरडायचं.

सत्त्याण्णव सालचं उत्तरायण झालं. पोरांचे पतंग तारांना लटकत होते, आणि नानांना ताप आला. अंग मोडून ताप, घसा, खोकला. गल्लीत निम्म्या लोकांना तेच होतं, पण बाकीचे उठून कामाला लागले आणि नानांना धाप लागली. वय झालं ना आता. गजेंद्रने रिक्षात घालून ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. तळमजल्यावर, खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीला मोठी काच होती आणि बाहेर चादरी वाळत होत्या. डॉक्टरबेन म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची गुजराती पोर, पण हाताला गुण होता. तिने सलाईन लावलं, औषध दिलं, आणि ताप उतरला. नाना उठून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरले. मी म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. डॉक्टरबेनही म्हणाली, "काकी, आता घरी जायची तयारी करा."

एवढं ऐकल्यावर नवागाम थांबतंय होय? आमच्यात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे बोलणं तोडणं. लगीन चुकलं तर चालतं, भेटणं चुकत नाही. रोज रीघ लागली. शेजारच्या मालतीबाई नाक शिंकरत आल्या. नानांच्या जोडीचा राघो आला, तो बिडीने असा खोकायचा की भिंतीचा चुना पडावा. कोणी नातवंडं आणली, त्यांची नाकं वाहत होती. आणि प्रत्येकाने काय करावं? नानांच्या खाटेवर बसायचं, तोंड कानाला लावायचं आणि ओरडायचं, "नाना, माले वयखं का?" ओळखलं का म्हणून विचारायचं आणि वर नानांच्या तोंडावर खोकायचं. नाना खूश. जावयासारखे उशीला टेकून बसले होते. मी मधूनमधून बघत होते, त्यांची नजर सारखी दाराकडे जायची. कोणाची वाट बघतायत हे मला माहीत होतं.

शालिग्रामची. दोघं भाऊ बोलत नव्हते. त्याचं असं झालं, चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हा नानांना साधा हिवताप होता. पण तेव्हा ताप म्हटलं की लोक पळत होते. नाना दारात खाटेवर कुडकुडत पडले होते. शालिग्राम आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. त्याने बायको-पोरं पुढे घातली, नाकाला रुमाल बांधला, कुलूप लावलं आणि आमच्या खाटेसमोरून मान खाली घालून स्टेशनकडे गेला. "दादा, येतो" एवढंसुद्धा नाही. नाना बघत होते. दिवाळीला सगळे परत आले, पण शालिग्रामने डिंडोलीला खोली घेतली आणि नानांनी सांचे सोडले. भावाभावांचं बोलणं बंद. तोंडाचं बंद, आणि हातांचंही.

तर घरी जायचं म्हणून मी पिशवी भरत होते आणि नानांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. बघता बघता अंग तव्यासारखं तापलं, खोकल्यातून पिवळं पडायला लागलं, आणि मला म्हणतात कसे, "सांचा बंद कर, तार तुटली." मी घाबरले. डॉक्टरबेन धावत आली, छातीचा फोटो काढला आणि उजेडाला धरून मला दाखवला. एका बाजूला पांढरं धुकं होतं.

"हा नवीनच आजार," ती म्हणाली. ती गुजरातीत बोलली, मी आपल्या भाषेत सांगते. "पहिला ताप फ्लूचा होता. तो गेला, पण जाताना छाती आतून सोलून गेला. आता त्या सोललेल्या जागेवर दुसरे जंतू बसलेत. न्युमोनिया झालाय. म्हाताऱ्या माणसाला पहिल्यापेक्षा हे मागून येतं त्याचीच जास्त भीती."

म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली! मी विचारलं, "पण हे जंतू आले कुठून?"

"काही त्यांच्याच घशात असतात. काही दवाखान्यात फिरतात. आणि काही पाहुणे आणतात. काकी, काल ह्यांच्या कानाशी तोंड लावून कोण खोकत होतं?"

"कोण नव्हतं ते विचारा," मी म्हटलं.

डॉक्टरबेनने हुकूमच काढला. भेटणं बंद. जवळ जाईल त्याने हात धुवायचे आणि तोंडाला रुमाल बांधायचा, मीसुद्धा, कारण माझंही नाक वाहत होतं. इंजेक्शनं ती देणार होती. आमच्याकडे काम एवढंच की नानांना बसतं ठेवायचं, पाठ थोपटून कफ पाडायला लावायचा आणि पोटात काहीतरी घालायचं. "अंगात ताकद नसेल तर माझं औषध एकटं काय करील?" ती म्हणाली. "आणि आता ह्यावर तिसरं काही आलं तर मी हात टेकले समजा."

मी दारात स्टूल टाकून बसले. मालतीबाई आल्या. मी म्हटलं, "आज नाही." त्या म्हणाल्या, "लांबून बघते." मी म्हटलं, "तुमचं लांबून मला माहीत आहे, खाटेवर बसल्याशिवाय तुमचं लांबून होत नाही." त्या फणकाऱ्याने गेल्या. राघो आला, त्यालाही परत लावलं. जाताना तो बोललाच, "आम्हाला काय पिलेग झालाय का, भाभी?" तो शब्द मला लागला. पण काय करणार? लोकांची मनं सांभाळू की नवऱ्याचा श्वास?

खरा घोळ पुढेच होता, आणि तो ना मला सुचला ना डॉक्टरबेनला. नाना ऐकतात ते कानांनी कमी आणि ओठांवरून जास्त. आता कानाशी कोणी जायचं नाही, आणि ओठांवर सगळ्यांच्या रुमाल! मी बोलले तर रुमाल हलतो, सिस्टर बोलली तर रुमाल हलतो. नानांना काडीचं समजत नव्हतं. लिहून दाखवावं तर दोघंही अंगठाबहाद्दर. ते माझ्या रुमालाकडे बघत राहिले. मग दाराकडे बघितलं. दारात कोणी नाही. आणि हळूच विचारलं, "परत पिलेग उना का?" पुन्हा प्लेग आला का म्हणून.

"नाही हो!" मी रुमालातून ओरडले. मान हलवली, हात हलवले. त्यांना पटलं नाही. रुमाल बांधलेली बायको आणि ओस पडलेलं दार, दुसरं काय वाटणार त्यांना? त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर खाणं बंद. मी खिचडी आणली, पेज आणली, ताक आणलं. चमचा ओठांशी नेला की दात घट्ट. मी रागावले, रडले, देवाची शपथ घातली. रुमालाआडून शपथही लागू होत नसावी. डॉक्टरबेन नाडी बघून म्हणाली, "काकी, काहीही करा, पण खायला घाला." तिचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण डोळे दिसत होते ना. मला कळलं, माझा माणूस हातातून चाललाय. तो आजाराने चालला नव्हता, रुसून चालला होता. बाई, असलं मरण कोणाला सांगायचं?

आणि अशा वेळी दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा शालिग्राम उगवला.

अंगावर शाल, हातात केळ्यांची फणी. मला बघून पायऱ्यांवर थबकला, मग वर आला. "वहिनी, दादाला भेटायचं आहे," म्हणाला, आणि तेवढं बोलता बोलता असा खोकला की केळी हातातून सुटायला आली.

ज्याची वाट बघून नानांचे डोळे शिणले तो दारात उभा होता, आणि छातीत खोकला घेऊन उभा होता. आत सोडला तर तो भावाच्या कानाला तोंड लावणार, माझ्यासमोर बोलायची रीत मीच तशी घातली होती. मी उठले आणि दार अडवलं.

"भाऊजी, आज नाही. खोकला बरा होऊ द्या, मग या."

"एवढ्या वर्षांनी आलो तर तुम्ही आडव्या येता?"

"डॉक्टरने सांगितलंय."

"डॉक्टर कशाला मध्ये घालता? तुमच्याच मनात आहे ते बोला."

मग माझाही तोल गेला. "बोलू? त्या वर्षी आमचं दार सताड उघडं होतं, भाऊजी. तेव्हा आत डोकावला नाहीत. आज बंद आहे तर धडका देताय?"

त्याचं तोंड उतरलं. केळी स्टुलावर ठेवली आणि तो पायऱ्या उतरला. मी दाराला टेकून उभी राहिले. खोटं बोलले नव्हते, तरी जीभ कापून टाकावी असं वाटलं. आता हे जन्माचं तुटलं, आणि तोडलं मी, ते पण नाना जगावे म्हणून. वर नाना काही जगायला तयार नाहीत.

आत जाऊन बघते तर नानांच्या तोंडावर सावली पडलेली. खिडकीबाहेर, वाळत घातलेल्या चादरींमध्ये शालिग्राम उभा! चिडून लाल झालेला. काचेवर ठोकत होता, पण ठोकलेलं नानांना कुठून ऐकू येणार? ऊन अडलं म्हणून त्यांनी डोळे उघडले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शालिग्रामचं तोंड उघडं होतं, त्याला रुमाल नव्हता, काचेपलीकडे लागतो कशाला? त्याचे ओठ हलले. मग हात हलला. हात तोंडाकडे नेला, मग स्वतःच्या छातीवर थाप मारली, मग बोटांनी काहीतरी पुढे-मागे केलं. आणि पांघरुणाखालून नानांचा हात बाहेर आला. काडीसारखा हात, सलाईनची पट्टी लावलेला. तोही हलायला लागला.

काय बोलले किती बोलले देव जाणे! शालिग्राम मध्येच दाराकडे बोट दाखवून डोळे मोठे करायचा, ती मी असणार. नाना मान डोलवायचे. शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई मला विचारते, "ताई, हे जन्मापासून मुके का?" सिस्टर इंजेक्शन घेऊन आली ती तशीच उभी राहिली. "आ बेउ शुं करे छे?" म्हणाली, हे दोघं करतायत तरी काय म्हणून. मी म्हटलं, "बोलतायत. बोलू द्या."

शालिग्रामने शालीने डोळे पुसले आणि गेला. नाना माझ्याकडे वळले.

"भूक लागनी," म्हणाले.

अहो, मी शपथा घालून थकले, आणि ह्यांची भूक भावाच्या बोटांवर बसून आली! मला राग आला, हसू आलं, रडू तर आधीपासून चालूच होतं. खिचडी कालवली. पहिला घास त्यांनी गिळला तेव्हा मी रुमालाआड हुंदके देत होते आणि ह्यांना वाटलं मी हसतेय.

"काय म्हणाले भाऊजी?" मी हातवारे करून विचारलं. एवढं मात्र त्यांना झटकन समजलं.

"तुला शिव्या दिल्या," नाना म्हणाले आणि दुसऱ्या घासाला तोंड उघडलं.

मग काय विचारता! बातमी नवागामात पोचायला वेळ कितीसा? राघो आला तो सरळ खिडकीवर. त्याच्या मागून खात्यातले सगळे. पाळी सुटली की चादरींमध्ये ही रांग लागायची आणि सगळ्यांचे हात नाचायचे. डॉक्टरबेन आधी दचकली, मग म्हणाली, "हे चालेल. काचेतून जंतू येत नाहीत." पिलेग आला नाही, भाभीच खडूस आहे, हे राघोने नानांना हातांनीच समजावलं म्हणे. मालतीबाईंनी कधी खात्यात पाऊल टाकलेलं नव्हतं, त्या काचेला तोंड लावून ओरडायच्या आणि काच वाफेने भरून टाकायच्या. ती पुसायला सिस्टरला बाहेर जावं लागायचं. नाना पोटभर बोलायचे आणि पोटभर खायचे. औषधाला साथ मिळाली. धुकं विरलं, धाप गेली, आणि एके दिवशी चहात साखर कमी आहे म्हणून त्यांनी पुन्हा कुरकुर केली. मी देवाला हात जोडले.

घरी आल्यावर काही दिवसांनी शालिग्राम आला. मी आधी दारात उभं करून खोकून दाखवायला लावलं. छाती साफ वाजली तेव्हा आत घेतलं. भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी थापत होते. दोघं भाऊ समोरासमोर बसले. मी म्हटलं, आता हिशेब मिटवून टाकावा.

"भाऊजी, त्या दिवशी काचेमागून मला शिव्या दिल्यात, त्या आता तोंडावर द्या. मी ऐकून घेते. मीही कमी बोलले नव्हते."

"शिव्या? कोण म्हणतं?"

मी नानांकडे बोट केलं. नाना लगेच बहिरे झाले.

शालिग्रामने मोडलेली भाकरी ताटात ठेवली. "वहिनी, शिव्या द्यायलाच गेलो होतो खिडकीवर. पण दादाचं तोंड पाहिलं, पार वाळून गेलेलं, आणि हाताने भलतंच बोललो. रोजचंच." त्याने ते करून दाखवलं. हात तोंडाकडे, थाप छातीवर, बोटं पुढे-मागे. "जेवायला म्हणून खात्यात सांचे बंद नाही करत. एकाने जेवायचं, दुसऱ्याने त्याचेही सांचे सांभाळायचे. दादा रोज मलाच आधी पाठवायचा. 'तू जेवी ले, तुना सांचा मी दखस.' तू जेव, तुझे सांचे मी बघतो. एक दिवस चुकला नाही. पिलेगच्या वर्षी माझी पाळी होती, वहिनी. आणि मी सगळं तसंच टाकून पळालो."

तव्यावरची भाकरी करपली तरी मी बघतच राहिले.

नानांनी भावाच्या ताटाकडे पाहिलं. मग उजवा हात तोंडाकडे नेला, छातीवर थाप मारली आणि बोटं पुढे-मागे केली. शालिग्रामने नाक ओढलं आणि भाकरीचा तुकडा उचलला.

नाना मात्र तसेच बसून होते, भावाच्या तोंडातल्या घासाकडे बघत. त्यांची भाकरी निवत होती. मी हाक मारली नाही, कानाशी जाऊन ओरडले नाही. चुलीपुढूनच पिठाने भरलेला हात तोंडाकडे नेला आणि छातीवर थाप मारली. लुगड्यावर पांढरा पंजा उमटला. बोटं पुढे-मागे केली, जमतील तशी.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भाकरी मोडली.

"तुना हात उलटा पडना," म्हणाले.

"पडू द्या. समजलं ना?"

"समजनं," नाना म्हणाले, आणि जेवायला लागले.